दहावा पिचर आणि पहिले तिघे

बेसबॉलमधली जुनी जाणती मंडळी पिचिंगला खेळाचा पाऊण हिस्सा देतात. कोणी तर नव्वद टक्के सांगून मोकळे होतात. सप्टेंबर उजाडला, प्लेऑफच्या जागांसाठी रस्सीखेच सुरू झाली, की हे आकडे पुन्हा कानावर येतात. ही टिपणं त्याच प्रश्नाभोवतीची. पिचिंगचा वाटा खरोखर किती, आणि तो हंगामभर सारखाच असतो का?

*

आधी चौकट मांडून घेतो. मेजर लीगमध्ये तीस संघ, प्रत्येकाचे १६२ सामने. २०२२ पासून बारा संघ प्लेऑफमध्ये जातात, दोन्ही लीगमधून सहा-सहा. पहिली फेरी तीन सामन्यांची, दुसरी पाच, पुढच्या दोन सात-सात सामन्यांच्या; त्यातली शेवटची म्हणजे वर्ल्ड सिरीज. प्रत्येक लीगमधल्या पहिल्या दोन गटविजेत्यांना पहिली फेरी माफ असते. मार्चअखेरीला सुरू झालेला हंगाम सप्टेंबरअखेरीला संपतो आणि मग ऑक्टोबर लागतो. नियम जवळपास तेच राहतात, पण पिचर वापरण्याची रीत पार बदलते.

*

धावांचा हिशेब. बिल जेम्स यांनी बसवलेलं सूत्र सोपं आहे: केलेल्या धावांचा वर्ग घ्यायचा आणि त्याला केलेल्या व दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागायचं. येणारा आकडा संघाच्या विजयांच्या प्रमाणाच्या बराच जवळ जातो. हंगामात ७५० धावा केल्या आणि ६५० दिल्या, तर १६२ सामन्यांत साधारण ९२ ते ९३ विजय. ८५० केल्या आणि ७५० दिल्या, तर ९१. फरक दोन्हीकडे शंभराचाच, पण धावा रोखणाऱ्या संघाच्या पदरात एक-दीड विजय जास्त पडतो.

एक-दीड विजयाला काय किंमत, असं वाटेल. २०२४ साली ॲरिझोना डायमंडबॅक्सने साऱ्या मेजर लीगमध्ये सर्वाधिक, ८८६ धावा केल्या. विजय ८९. मेट्स आणि ब्रेव्ह्ज यांचेही ८९. बरोबरी सोडवण्याच्या नियमाने ते दोघे आत गेले आणि सर्वाधिक धावा करणारा संघ घरी बसला. त्यांच्या पिचरनी वर्षभरात दहा-पंधरा धावा कमी दिल्या असत्या, तर ऑक्टोबरात ते खेळले असते.

*

तरीही पिचिंगला पाऊण हिस्सा देता येत नाही. निम्मा खेळ धावा करण्याचा. उरलेला निम्मा धावा रोखण्याचा, आणि तो पिचर आणि फिल्डर यांच्यात वाटला जातो. फॅनग्राफ्सचे संख्याशास्त्री एका हंगामात सगळ्या खेळाडूंना मिळून एक हजार विजयांचं श्रेय वाटतात. त्यातलं ५७० बॅटिंग-फिल्डिंग करणाऱ्यांना जातं, ४३० पिचरना. लांबलचक हंगामापुरता मला हा वाटा पटतो. शंभरातले त्रेचाळीस.

*

पिचरच्या हातात नेमकं काय असतं? वोरोस मॅक्रॅकन या अभ्यासकाने २००१ च्या सुमारास एक मुद्दा मांडला, आणि तोवर ठाम असलेल्या समजुती हलल्या. स्ट्राइक-आउट, वॉक आणि होम रन या तीन गोष्टी पिचरच्या हातात बऱ्याच अंशी असतात. पण चेंडू बॅटला लागून मैदानात पडला, की त्याचं पुढे काय होतं यावर पिचरचा ताबा फार कमी. तो फिल्डरच्या दोन पावलं अलीकडे पडला की पलीकडे, यात नशीब बरंच.

तेव्हापासून मी ई.आर.ए.कडे जरा सावधपणे पाहतो. ई.आर.ए. म्हणजे नऊ इनिंग्जमागे पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा. जितक्या कमी तितकं चांगलं. आकडा उपयोगाचा आहे, पण त्यात फिल्डरचे पाय आणि मैदानाची हवा दोन्ही मिसळलेली असतात. पुढच्या महिन्यात हा पिचर कसा टाकेल, हे त्याच्या स्ट्राइक-आउट आणि वॉक यांच्या प्रमाणावरून जास्त नीट कळतं.

*

मैदानाच्या हवेचं सर्वांत ठळक उदाहरण डेन्व्हरचं. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे सोळाशे मीटर उंचीवर. हवा विरळ, त्यामुळे मारलेला चेंडू दूर जातो आणि टाकलेला चेंडू कमी वळतो. २००२ पासून तिथे चेंडू दमट कपाटात ठेवतात, म्हणजे ते फार सुकून टणक होणार नाहीत. तरी कोलोरॅडो रॉकीजच्या पिचरची परवड संपलेली नाही. २०२५ मध्ये हा संघ ११९ सामने हरला; केलेल्या आणि दिलेल्या धावांत ४२४ चं अंतर पडलं. सगळा दोष मैदानावर टाकता येणार नाही. पण कर्व्हबॉल वळेनासा झाल्यावर पिचरने काय करायचं, हा प्रश्न त्या संघाला पहिल्या दिवसापासून सतावतो आहे, आणि चांगला पिचर आपणहून तिकडे जायला राजी होत नाही.

*

एकटा पिचर काय करू शकतो आणि काय नाही, याची तीन उदाहरणं मला नेहमी आठवतात.

१९७२ मध्ये फिलाडेल्फियाचा स्टीव्ह कार्लटन २७ सामने जिंकला. संघाचे एकूण विजय ५९. जवळजवळ निम्मे त्याचे, आणि संघ गटात तळाला.

२०१८ मध्ये मेट्सच्या जेकब डिग्रोमचा ई.आर.ए. १.७०. सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला. त्याच्या नावावर दहा विजय आणि नऊ पराभव. संघाचे विजय ७७, पराभव ८५.

सिॲटलचा फेलिक्स हर्नांडेझ. २०१० चा साय यंग पुरस्कार, पुढे एक परिपूर्ण सामना, पंधरा हंगाम एकाच संघाशी निष्ठा. प्लेऑफचा एक चेंडूही त्याला टाकायला मिळाला नाही. २०१९ नंतर तो गेला आणि २०२२ मध्ये सिॲटल एकवीस वर्षांनी प्लेऑफमध्ये पोहोचलं. या माणसाबद्दल मला आजही हळहळ वाटते.

*

१६२ सामन्यांच्या नऊ-नऊ इनिंग्ज धरल्या तर १४५८ होतात. संघाचा सर्वांत दणकट पिचर आज त्यातल्या दोनशेच्या आसपास टाकतो, म्हणजे सातवा हिस्सा. उरलेले सहा हिस्से कोण टाकतं? दुसरा, तिसरा, पाचवा, नववा, दहावा. कोणाचा खांदा दुखावतो, कोणाला खालच्या लीगमधून सकाळच्या विमानाने बोलावून घेतात, कोणी तीनच सामने खेळून परत जातो. मोठ्या नावांची चर्चा होते. पण मे-जूनमधल्या मंगळवारी संध्याकाळी, मुख्य पिचर दमलेले असताना, तीन इनिंग्ज सांभाळून नेणारा अनोळखी माणूस संघाला जे दोन-तीन विजय मिळवून देतो, त्यावर सप्टेंबरात जागा ठरते. सहा महिने परीक्षा असते ती दहाव्या पिचरची.

*

क्रिकेट पाहणाऱ्याने इथे एक फरक ध्यानात ठेवावा. आपला गोलंदाज दोन षटकं टाकून बाजूला होतो आणि शेवटच्या षटकांत परत येतो. बेसबॉलमध्ये सामन्याबाहेर काढलेला पिचर त्या दिवशी परत येत नाही. त्यामुळे मॅनेजरचा प्रत्येक बदल कायमचा असतो. आणि शंभरेक चेंडू टाकलेल्या हाताला नंतर चार-पाच दिवस विसावा लागतो. सगळं गणित या दोन गोष्टींभोवती फिरतं.

*

ऑक्टोबरात काय बदलतं ते आकड्यांतच दिसतं. हंगामात क्रमांक एकचा पिचर पाच दिवसांतून एकदा उतरतो: १६२ पैकी साधारण ३२ सामने, म्हणजे वीस टक्के. पाच सामन्यांच्या फेरीत तो दोनदा येऊ शकतो: चाळीस टक्के. सातच्या फेरीत दोनदा, आणि जिवावर उदार झाला तर तीनदा. मध्ये प्रवासाचे रिकामे दिवस असतात, म्हणून पाचव्या स्टार्टरची, म्हणजे सामना सुरू करणाऱ्या पाचव्या पिचरची, गरज उरत नाही, चौथ्याचीही जेमतेम. जो माणूस सहा महिने खेळाचा सातवा हिस्सा उचलत होता, तो आता तिसरा हिस्सा उचलू लागतो.

*

याच हिशेबाची दुसरी बाजू. समजा एका संघाची प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ५५ टक्के आहे. हंगामात हे ८९ विजय. हा संघ पाच सामन्यांची फेरी ५९ टक्के वेळा जिंकेल, सातची ६१ टक्के वेळा. पहिली फेरी माफ धरली तरी उरलेल्या तिन्ही जिंकण्याची शक्यता २२ टक्के.

आता त्याला एक असा पिचर द्या की त्याच्या दिवशी शक्यता ६५ टक्के होते. सातच्या फेरीत तो दोनदा आला तर ६१ चे ६७ टक्के होतात. तीनदा आला तर ७०. असे दोघे असले आणि दोघेही दोनदा आले तर ७३.

वाढ मोठी आहे. तरी शंभरातून सत्तावीस वेळा तो संघ हरणारच. पुढची दोन टिपणं या सत्तावीसमधली.

*

अटलांटा ब्रेव्ह्ज. ग्रेग मॅडक्स, टॉम ग्लॅव्हिन, जॉन स्मोल्ट्झ. तिघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. १९९१ पासून २००५ पर्यंत, संपामुळे अर्धवट राहिलेलं १९९४ सोडलं, तर दर वर्षी गटविजेते. इतक्या वर्षांत वर्ल्ड सिरीज एकच, १९९५ ची. त्या मालिकेच्या सहाव्या सामन्यात ग्लॅव्हिनने आठ इनिंग्जमध्ये क्लीव्हलँडला एकच हिट दिला आणि डेव्हिड जस्टिसच्या होम रनवर सामना १-० ने सुटला. चांगलं पिचिंग हंगामामागून हंगाम दारापर्यंत नेतं, हे या संघाने सिद्ध केलं. दार उघडेलच असं मात्र नाही.

*

फिलाडेल्फिया, २०११. रॉय हॅलडे, क्लिफ ली, कोल हॅमल्स, रॉय ऑसवॉल्ट. अशी चौकडी क्वचित जमते. १०२ विजय. पहिल्याच मालिकेत सेंट लुईसशी पाचव्या सामन्यापर्यंत गाठ पडली. सामन्याचा पहिलाच बॅटर राफाएल फुरकाल याने ट्रिपल मारला, दुसऱ्याने डबल. एक धाव. त्यानंतर हॅलडेने आठव्या इनिंगपर्यंत काहीही दिलं नाही. पण समोर त्याचाच जुना सहकारी आणि मित्र ख्रिस कार्पेंटर होता, आणि त्याने तीन हिट देऊन पूर्ण सामना धावहीन टाकला. १-०. हॅलडे त्या रात्री वाईट खेळला असं कोण म्हणेल? उत्तम पिचिंगला उत्तम पिचिंगने हरवलं, तेही पहिल्या दोन बॅटरच्या जोरावर.

*

१९९९ ची उलटी कथा. क्लीव्हलँडने त्या हंगामात १००९ धावा केल्या; हजारावर धावा १९५० नंतर कोणी केल्या नव्हत्या. पहिल्या मालिकेत बॉस्टन समोर. पाचवा, निर्णायक सामना. चौथ्या इनिंगच्या मध्यावर ८-८. दोन्ही बाजूंचे पिचर झोडपले गेलेले. बॉस्टनच्या पेड्रो मार्टिनेझची पाठ पहिल्या सामन्यात धरली होती आणि तो खेळणार नाही असंच सगळे धरून चालले होते. चौथ्या इनिंगला तो बुलपेनमधून, राखीव पिचरच्या जागेतून, चालत आला.

नेहमीचा वेग त्याच्याकडे नव्हता. त्याने कर्व्हबॉल आणि चेंजअप यांच्यावर काम चालवलं, कोपरे धरले, बॅटरला अंदाज येऊ दिला नाही. सहा इनिंग्ज, एकही हिट नाही. बॉस्टन १२-८ ने जिंकलं. हजार धावांच्या संघाला दुखऱ्या पाठीच्या एका माणसाने सहा इनिंग्ज मुकं केलं. पिचिंगला नव्वद टक्के देणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर अशीच एखादी रात्र असते, आणि त्या रात्रीपुरतं त्यांचं बरोबरच असतं.

*

१९४८ मध्ये बॉस्टन ब्रेव्ह्जकडे वॉरन स्पान आणि जॉनी सेन हे दोन भरवशाचे पिचर होते. बाकीच्यांबद्दल चाहत्यांना इतकी धास्ती की एका वृत्तपत्राने छोटी कविताच छापली: हे दोघे, आणि मग पावसाची प्रार्थना. त्या दोघांच्या बळावर संघ वर्ल्ड सिरीजपर्यंत गेला. पहिल्या सामन्यात सेनने क्लीव्हलँडच्या बॉब फेलरला १-० ने हरवलं. मालिका मात्र क्लीव्हलँडने ४-२ ने घेतली. दोन माणसं पुरत नाहीत. तीन कधी कधी पुरतात.

*

कधी कधी दोनही पुरतात. २००१, ॲरिझोना. रँडी जॉन्सन आणि कर्ट शिलिंग. यँकीजविरुद्धच्या सातपैकी पाच सामने या दोघांनी सुरू केले. चारही विजय दोघांच्या नावावर: एक शिलिंगचा, तीन जॉन्सनचे. सहाव्या सामन्यात सात इनिंग्ज टाकलेला जॉन्सन दुसऱ्या दिवशी सातव्या सामन्याच्या शेवटी पुन्हा माउंडवर आला. समोरच्या संघाकडे मारियानो रिव्हेरा, इतिहासातला सर्वांत भरवशाचा क्लोजर. नवव्या इनिंगमध्ये त्याच्याच हातून सामना निसटला. सर्वोत्तम खेळाडूचा मान जॉन्सन आणि शिलिंग यांना विभागून दिला गेला.

त्याच वर्षी सिॲटल मरिनर्स हंगामात ११६ सामने जिंकले होते आणि यँकीजकडून पाचच सामन्यांत बाहेर पडले होते.

*

बॉब गिब्सन, १९६८. ई.आर.ए. १.१२. तेरा शटआउट. त्या वर्षी पिचर इतके वरचढ झाले की पुढच्या हंगामापासून माउंडची उंची पंधरा इंचांवरून दहावर आणली गेली आणि स्ट्राइक झोनही आवळला. एवढं असून गिब्सन त्या हंगामात नऊ सामने हरला, कारण त्याच्या संघाला त्या दिवशी धावाच करता आल्या नाहीत.

वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात त्याने डेट्रॉइटचे १७ बॅटर स्ट्राइक-आउट केले. सातव्या सामन्यात सहा इनिंग्ज ०-०. सातव्या इनिंगमध्ये जिम नॉर्थ्रपने मध्यभागी उंच फटका मारला. तिथे कर्ट फ्लड, त्या काळचा अव्वल फिल्डर. त्याला चेंडूचा अंदाज चुकला; तो आधी पुढे आला आणि मग वळला. चेंडू डोक्यावरून गेला. डेट्रॉइट ४-१ ने जिंकलं. मिकी लोलिचने तिसरा पूर्ण सामना जिंकला, तोही दोनच दिवसांच्या विश्रांतीवर.

*

फिल्डिंगबद्दल आणखी एक. १९६६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये सँडी कुफॅक्सचा शेवटचा सामना झाला. हंगामात २७ विजय, ई.आर.ए. १.७३. त्या सामन्यात त्याच्या सेंटर फिल्डरने एकाच इनिंगमध्ये तीन चुका केल्या आणि समोरून वीस वर्षांच्या जिम पामरने डॉजर्सना एकही धाव दिली नाही. बाल्टिमोरने ती मालिका ४-० ने घेतली. शेवटचे तिन्ही सामने शटआउट. डॉजर्सना सलग ३३ इनिंग्ज धाव मिळाली नाही. काही आठवड्यांनी कुफॅक्स वयाच्या तिसाव्या वर्षी निवृत्त झाला. कोपर संधिवाताने इतकं खराब झालं होतं की पुढे हात कायमचा अधू होण्याचं भय होतं.

*

कोपराचा विषय निघालाच आहे. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरातला तुटलेला अस्थिबंध बदलला. दुसऱ्या हातातला स्नायूबंध काढून तिथे बसवला. जॉन १९७६ मध्ये परत आला आणि त्यानंतर १६४ सामने जिंकला. आज ती शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते आणि शेकडो पिचर तिच्यातून गेले आहेत. वेग वाढला, चेंडूवरची फिरकी वाढली, तसा कोपरावरचा ताणही वाढला. प्लेऑफची शक्यता मोजताना पिचिंगचा वाटा हा शेवटी एका नाजूक बंधाचा वाटा आहे. ऑगस्टमध्ये तो तुटला, तर एप्रिलपासूनचे सगळे अंदाज कागदावर राहतात.

*

स्टीफन स्ट्रासबर्गची कथा मला सर्वांत जास्त विचार करायला लावते. २०१० मध्ये त्याची हीच शस्त्रक्रिया झाली. २०१२ मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्स गटात पहिले होते. तरीही संघाने सप्टेंबरात, १५९ इनिंग्जनंतर, त्याला थांबवलं. हात जपायचा म्हणून. ऑक्टोबरात तो बाकावर बसून होता. पाचव्या सामन्यात ६-० ची आघाडी घेऊन संघ सेंट लुईसकडून ९-७ ने हरला.

२०१९. नॅशनल्सची सुरुवात १९ विजय, ३१ पराभव. बुलपेन इतकी कच्ची की आघाडी हाती असली तरी जीव टांगणीला. पण स्टार्टर होते स्ट्रासबर्ग, मॅक्स शर्झर आणि पॅट्रिक कॉर्बिन. ऑक्टोबरात मॅनेजरने कच्च्या बुलपेनला शक्य तितकं दूर ठेवलं आणि स्टार्टरकडूनच मधल्या इनिंग्जही काढून घेतल्या. स्ट्रासबर्ग पाच विजय, एकही पराभव नाही. वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू. सातव्या सामन्यात मान धरलेला शर्झर पाच इनिंग्ज झुंजला, कॉर्बिनने पुढच्या तीन टाकल्या.

त्यानंतर स्ट्रासबर्गने सात वर्षांचा करार केला आणि जेमतेम आठ सामने खेळू शकला. २०१२ मध्ये संघाचं बरोबर होतं की चूक? २०१९ चं अजिंक्यपद हेच त्या विश्रांतीचं फळ, असं म्हणणारे आहेत. एक ऑक्टोबर वाया घालवला असं म्हणणारेही. मी पहिल्या बाजूचा. खेळाडूचा हात ही संघाची मालमत्ता धरून चालत नाही.

*

मॅनेजरचे दोन निर्णय शेजारी ठेवून पाहावेत.

२००३, बॉस्टन विरुद्ध यँकीज, सातवा सामना. आठव्या इनिंगमध्ये बॉस्टनची ५-२ ची आघाडी ५-३ वर आली. पेड्रो दमलेला दिसत होता. ग्रेडी लिटल माउंडवर गेला, पेड्रोशी बोलला आणि त्याला तिथेच ठेवून परतला. पुढच्या दोन डबल्सनी ५-५. अकराव्या इनिंगमध्ये यँकीजच्या ॲरन बूनचा होम रन.

२०२०, टँपा बे विरुद्ध डॉजर्स, वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना. ब्लेक स्नेलने ७३ चेंडू टाकले होते, नऊ बॅटर स्ट्राइक-आउट केले होते. १-० ची आघाडी. डॉजर्सच्या पहिल्या तिघांना त्याने दोन-दोनदा परत पाठवलं होतं. तेच तिघे तिसऱ्यांदा येणार म्हणून केविन कॅशने त्याला काढलं. काही मिनिटांत आघाडी गेली, आणि रात्रीअखेर मालिकाही.

बॅटर एकाच पिचरला तिसऱ्यांदा पाहतो तेव्हा जास्त चांगला खेळतो, हे आकड्यांनी वारंवार दाखवलं आहे. कॅशने सरासरीवर भरवसा ठेवला, लिटलने माणसावर. माझ्या मते हंगामात सरासरी पाळावी. ऑक्टोबरातल्या एका रात्री मात्र समोरच्या माणसाच्या हातातून चेंडू कसा सुटतो आहे, हेही पाहावं.

*

स्टार्टर कमी पडले तर बुलपेन तारू शकते का? २०१६ मध्ये क्लीव्हलँडचे दोन प्रमुख स्टार्टर जायबंदी होते. टेरी फ्रँकोनाने अँड्र्यू मिलर या डावखुऱ्या रिलीव्हरला नवव्या इनिंगची वाट न पाहता पाचव्या-सहाव्यातच आणायला सुरुवात केली, जिथे सामना फिरू शकेल तिथे. संघ वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्याच्या दहाव्या इनिंगपर्यंत पोहोचला. तिथवर मिलरही दमला होता. आणि २००५ चे शिकागो व्हाइट सॉक्स याच्या दुसऱ्या टोकाला: एंजल्सविरुद्ध त्यांच्या चार स्टार्टरनी सलग चार पूर्ण सामने टाकले, अख्ख्या मालिकेत बुलपेनच्या वाट्याला दोन आउट आले. दोन्ही वाटा वर्ल्ड सिरीजकडे गेल्या. सामाईक गोष्ट एकच, सर्वोत्तम हातांत चेंडू जास्तीत जास्त वेळ राहिला.

*

१ नोव्हेंबर २०२५, टोरंटो विरुद्ध डॉजर्स, वर्ल्ड सिरीज. आपल्याकडे २ तारखेची सकाळ. 

सातवा सामना. डॉजर्सने ओटानी, ग्लासनाउ, स्नेल असे आपले स्टार्टरच एकामागून एक माउंडवर आणले. नवव्या इनिंगमध्ये एक आउट, दोन धावक बेसवर, ४-४. आणि बुलपेनमधून योशिनोबु यामामोतो आला, ज्याने आदल्या रात्री ९६ चेंडू टाकून सहावा सामना जिंकून दिला होता.

पहिल्याच बॅटरला चेंडू लागला. बेसेस भरल्या. पुढचा फटका जमिनीलगत सेकंड बेसकडे. मिगेल रोहासने तोल जात असताना होम प्लेटकडे फेकला, आउट, वीतभराच्या फरकाने. पुढचा उंच, डाव्या बाजूला खोल. अँडी पाहेस, जो नुकताच फिल्डिंगसाठी उतरवला होता, धावत आला आणि सहकाऱ्यावर आदळत त्याने झेल घेतला. अकराव्या इनिंगमध्ये विल स्मिथचा होम रन, ५-४. शेवटी पुन्हा टोरंटोचे धावक पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर. स्प्लिटर, बॅट मोडली, चेंडू मुकी बेट्सकडे, डबल प्ले, सामना संपला. मालिकेतले तीन विजय यामामोतोचे. २००१ च्या जॉन्सननंतर असं कोणी केलं नव्हतं.

हा सामना पिचिंगचा होता का? हो. रोहास आणि पाहेस नसते तर? तरी तो पिचिंगचाच राहिला असता, फक्त हरलेला.

*

२००६ च्या 'बेसबॉल बिटवीन द नंबर्स' या पुस्तकात प्लेऑफमधल्या यशाशी जुळणाऱ्या तीन गोष्टी शोधून काढल्या होत्या: पिचरचं स्ट्राइक-आउटचं प्रमाण, फिल्डिंग आणि उत्तम क्लोजर. पुढच्या वर्षांत ते सूत्र फारसं टिकलं नाही. मला ते तरी महत्त्वाचं वाटतं, कारण तिन्ही गोष्टी धावा रोखण्याच्या बाजूच्या होत्या. दिशा बरोबर होती; मोजके सामने कोणत्याच सूत्राला धड उभं राहू देत नाहीत.

*

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी एखाद्या संघाकडे पाहतो तेव्हा चार गोष्टी तपासतो. त्याचे पहिले तीन स्टार्टर धडधाकट आहेत का, आणि गेल्या महिन्यात त्यांच्या स्ट्राइक-आउटचं वॉकशी प्रमाण कसं आहे. नववी इनिंग सोडून इतर वेळीही आणता येईल असा एक तरी रिलीव्हर आहे का. मधल्या फळीचे फिल्डर चेंडूपर्यंत पोहोचतात का. आणि जागा इतकी आधी पक्की झाली आहे का, की पहिल्या सामन्याला क्रमांक एकचा पिचर ताज्या हाताने उतरेल. शेवटच्या रविवारी जागेसाठी झगडताना त्याला खर्ची घातलं असेल, तर पुढच्या मालिकेतला एक सामना तिथेच अर्धा गमावलेला असतो.

किती वाटा, या प्रश्नाला माझं उत्तर असं: प्लेऑफपर्यंत पोहोचायला पिचिंग शंभरातले चाळीस-पंचेचाळीस, आणि ते दहा-बारा-पंधरा हातांत वाटलेलं. पोहोचल्यावर त्याचा वाटा वाढतो आणि तीन-चार हातांत गोळा होतो. म्हणून संघ बांधणाऱ्यांनी मोठ्या नावांवर पैसा जरूर ओतावा, पण दहाव्या पिचरलाही तितक्याच आस्थेने घडवावं. कारण त्याने मे-जून सांभाळला नाही, तर पहिल्या तिघांना ऑक्टोबर दिसतच नाही.